मूत्राशयाच्या कर्करोगाचे आरंभीचे निदान : काही शब्द व त्यांचे अर्थ

रोगाचे नाव उच्चारणारा आणि ते ऐकणारा यांच्या मनांत त्या नावाचा एकच अर्थ असतो असे सहसा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या बाबतीत हे अंतर विशेष मोठे आहे, आणि ते केवळ कुतूहलाचा विषय म्हणून सोडून देण्याजोगे नाही. कारण या रोगाचे निदान झालेल्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तीन रुग्णांत रोग आरंभीच्या अवस्थेत, म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचण्यापूर्वीच, सापडतो. त्यांचे पुढचे भवितव्य शस्त्रक्रियेइतकेच, आपल्याला काय सांगण्यात आले आहे हे त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना उमगते की नाही, यावर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात या निदानाची भाषा तपासावयाची आहे, आणि ती तपासताना सांगली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा आटपाडी तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे. एके काळी औंध संस्थानात मोडणारा माणदेशाचा हा भाग पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा. तेथील बोलीत लघवीच्या विकारांना जी नावे आहेत ती या हवामानाशी घट्ट बांधलेली आहेत.

पहिला शब्द ‘उन्हाळी’. लघवीला आग होणे, थेंब थेंब होणे, ती लालसर दिसणे या सर्वांना मराठी माणूस ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतो. शब्दातच कारण सांगितलेले आहे : ऊन लागले, अंगात उष्णता झाली, म्हणून असे झाले. उपायही शब्दातून आपोआप निघतो. धने-जिरे भिजवलेले पाणी, सब्जा, ताक, नारळपाणी. दुसरा शब्द ‘मुतखडा’. कोरड्या प्रदेशात घाम फार जातो, पाणी कमी पिण्यात येते, लघवी दाट होते आणि खडे धरतात. यामुळे माणदेशात मुतखडा हा कोणाला अपरिचित असा आजार नाही. आता एखाद्या साठीच्या शेतकऱ्याला एके दिवशी लघवी रक्तासारखी लाल झाली, दुखले मात्र काहीच नाही, आणि दोन दिवसांत ती पुन्हा स्वच्छ झाली अशी कल्पना करावी. त्याच्या भाषेत या घटनेसाठी दोन तयार कप्पे आहेत, आणि दोन्ही कप्प्यांत ती सहज बसते. ताक प्याल्यावर रक्त थांबले, तेव्हा ती उन्हाळीच होती असा निष्कर्ष तो काढतो. वस्तुतः या कर्करोगाचे रक्त असेच येते : न दुखता, अधूनमधून, आणि उपचार करा वा न करा, आपोआप थांबणारे. ताकाने थांबले असे वाटते ते रक्त ताक न पिताही थांबलेच असते.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. लघवीतून डोळ्यांना दिसेल इतके रक्त गेलेल्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांत कारण दुसरेच निघते. जंतुदोष, खडा, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ. सर्वसाधारणपणे दहांतील एकदोघांतच कर्करोग आढळतो. परंतु न दुखता आलेले रक्त हे या रोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण असल्यामुळे, ते एकदाच दिसले आणि थांबले तरी तपासणी टाळता येत नाही. दुःखाचा अभाव हे येथे दिलाशाचे लक्षण नसते. खडा बहुधा कळ आणतो, जंतुदोष बहुधा आग आणतो. अर्बुद मात्र मुकाट्याने रक्त सोडते. स्त्रियांच्या बाबतीत विलंब अधिक होतो. लघवीतील रक्त पाळीचे समजले जाते, किंवा ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्यांचा एक, मग दुसरा, मग तिसरा डोस दिला जातो. हा रोग पुरुषांत तीन-चार पट अधिक आढळतो ही गोष्ट खरी असली तरी तिचा एक अनिष्ट परिणाम असा, की स्त्रीच्या बाबतीत त्याची शंकाच उशिरा येते.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून ‘पिशवी’ या शब्दाकडे वळणे सोयीचे होईल. ‘मूत्राशय’ हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे, तोंडात नाही. संस्कृत वैद्यकाचा शब्द ‘बस्ति’. सुश्रुतसंहितेत तिला खाली तोंड केलेल्या भोपळ्याची उपमा दिली आहे व ती आकाराच्या दृष्टीने चांगली आहे. पण मराठीत ‘बस्ती’ म्हणजे एनिमा अथवा लोकवस्ती. उरतो तो ‘लघवीची पिशवी’ हा बोलीतला प्रयोग, आणि बोलताना त्यातले पहिले पद गळून पडते. दवाखान्यातून परतलेली बाई घरी सांगते, ‘पिशवीत गाठ हाय म्हणं.’ ऐकणाऱ्या सासूच्या, जावेच्या मनात जी पिशवी उभी राहते ती गर्भपिशवी होय. कारण ग्रामीण मराठीत ‘पिशवी काढणे’ या प्रयोगाला गर्भाशयाची शस्त्रक्रिया हा एकच रूढ अर्थ आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला तेव्हा हाच शब्द वृत्तपत्रांतून सर्वांच्या परिचयाचा झाला. ज्या बाईची ती पिशवी पूर्वीच काढलेली आहे तिला तर डॉक्टर चुकले असेच वाटेल. डॉक्टरांनी ‘लघवी साठते ती पिशवी’ असे तीन शब्द अधिक खर्ची घातले तर हा घोटाळा टळतो. ते घालण्यास फुरसत मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

‘कर्करोग’ हे नावही थोडे पाहिले पाहिजे. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून तिला खेकड्याचे नाव दिले; लॅटिनमध्ये त्याचेच ‘कॅन्सर’ झाले, आणि आपण ‘कर्क’ हा संस्कृत शब्द घेऊन त्याचे भाषांतर केले. जुन्या संहितांतील शब्द ‘अर्बुद’ असा आहे. तो केवळ वाढीचा निर्देश करतो, नांगीचा किंवा पकडीचा नाही. खेड्यात मात्र ना कर्करोग चालतो ना अर्बुद. तेथे ‘कॅन्सर’ हाच शब्द चालतो आणि त्याचा अर्थ एकच असतो : संपले. या एकाच नावाखाली शेकडो भिन्न रोग येतात, त्यांतले काही वर्षानुवर्षे माणसाच्या सोबतीने राहतात, हे शब्दात कोठेही दिसत नाही. मूत्राशयाच्या रोगात ही भिन्नता एका अवयवाच्या आतच आढळते. म्हणूनच अहवालातले बारकावे महत्त्वाचे ठरतात.

ते बारकावे कळण्यासाठी मूत्राशयाची भिंत कशी आहे हे समजले पाहिजे. माणदेशातल्या जुन्या मातीच्या घराची भिंत आठवावी. सर्वांत आत, नजरेला दिसणारा, पांढरीचा किंवा चुन्याचा पातळ हात, त्याखाली गिलावा, आणि त्यामागे खरी भिंत. मूत्राशयात चुन्याच्या हाताच्या जागी लघवीचा सतत स्पर्श सोसणारे पेशींचे अस्तर असते, गिलाव्याच्या जागी रक्तवाहिन्या असलेला सैल संयोजी थर, आणि भिंतीच्या जागी आकुंचन पावून लघवी बाहेर टाकणारा जाड स्नायू. कर्करोग जवळजवळ नेहमी अस्तरात उगवतो. तो कोठपर्यंत गेला यावरून त्याची अवस्था ठरते. अवस्था लिहिण्याची जी अक्षर-अंकांची पद्धत आज जगभर चालते ती फ्रेंच शल्यवैद्य पिएर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात बसविली. अर्बुद अस्तरातच राहून पोकळीकडे, समुद्रातल्या शेवाळाच्या झुबक्यासारखे वाढले असेल तर ‘टी-ए’. गिलाव्यात शिरले असेल तर ‘टी-१’. भिंतीच्या स्नायूत गेले तर ‘टी-२’. त्यापुढच्या दोन अवस्था भिंतीबाहेरच्या. आरंभीचा कर्करोग म्हणताना टी-२ च्या अलीकडचे सर्व काही अभिप्रेत असते.

याच आरंभीच्या गटात आणखी एक प्रकार येतो आणि त्याचे नाव अत्यंत फसवे आहे. त्याला ‘कार्सिनोमा इन सायटू’ म्हणतात, अहवालात ‘टी-आय-एस’ असे लिहितात, आणि त्याचे भाषांतर ‘स्वस्थानी कर्करोग’ असे होते. ‘आपल्या जागी आहे’ हे शब्द ऐकून कोणाचाही जीव भांड्यात पडेल. गर्भाशयमुखाच्या बाबतीत त्या शब्दांवर विसंबणे पुष्कळसे योग्यही ठरते. मूत्राशयात मात्र तो वर झुबका न काढता, चुन्याखाली ओल पसरावी तसा सपाट पसरतो, दुर्बिणीतून कधी केवळ तांबूस मखमलीसारखा दिसतो तर कधी दिसतही नाही, आणि त्याच्या पेशी व्याख्येनेच उग्र असतात. एकच संज्ञा दोन अवयवांत दोन निरनिराळे इशारे देते, असे हे उदाहरण आहे.

अवस्थेपासून वेगळी गोष्ट म्हणजे ‘ग्रेड’. अवस्था खोली सांगते. ग्रेड पेशींचा स्वभाव सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळ अस्तराच्या पेशींसारख्या दिसत असतील तर ‘लो ग्रेड’, फार विस्कटलेल्या असतील तर ‘हाय ग्रेड’. १९७३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात एक, दोन, तीन असे अंक होते. २००४ पासून हे दोन शब्द आले, आणि आजही पुष्कळ अहवालांत दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेले असतात. आटपाडीच्या शेतकऱ्याला ग्रेड हा शब्द नवा नाही. तालुका डाळिंबाचा, सौद्यात फळाची प्रतवारी होते आणि वरच्या ग्रेडच्या मालाला वरचा भाव मिळतो. तेव्हा ‘हाय ग्रेड’ हे शब्द कानांवर पडताच त्यातून चांगुलपणाचा वास येणे स्वाभाविक आहे. ‘उच्च प्रतीचा’ असे भाषांतर केले तर अनर्थ पुरा झालाच. ‘उग्र’ व ‘सौम्य’ हे साधे मराठी शब्द येथे वापरण्यास काय हरकत आहे हे कळत नाही. अर्थ नेमका पोचतो आणि डाळिंबाचा बाजार मध्ये येत नाही.

शब्दांनी फसण्याची पाळी केवळ रुग्णांवरच आली असे समजू नये. स्नायूपर्यंत न गेलेल्या या सर्व रोगाला वैद्यक अनेक वर्षे ‘सुपरफिशियल’, म्हणजे वरवरचा, कर्करोग असे म्हणत असे. परंतु वरवरचा म्हटले की क्षुल्लक हा अर्थ चिकटतो, आणि या एका टोपलीत टी-ए सौम्य व टी-१ उग्र असे अगदी निराळ्या वागणुकीचे रोग एकत्र पडतात. म्हणून तज्ज्ञांनीच ती संज्ञा सोडून ‘स्नायूत न शिरलेला’ अशी लांबट पण प्रामाणिक संज्ञा स्वीकारली. १९९८ साली तर याच्या उलट दिशेनेही एक पाऊल टाकले गेले : अत्यंत निरुपद्रवी दिसणाऱ्या झुबकेदार वाढींना कर्करोग म्हणूच नये, म्हणून त्यांच्यासाठी ‘अल्प दुर्दम्यतेची वाढ’ अशा अर्थाचे वेगळे नाव घडविण्यात आले. नाव बदलल्याने पेशी बदलत नाहीत हे खरे. परंतु ज्या माणसाला ते नाव घेऊन जगावयाचे आहे त्याच्या दृष्टीने फरक लहान नाही.

हे सर्व ठरते ते ‘दुर्बिणीच्या ऑपरेशना’त. मूत्रमार्गातून मूत्राशयात डोकावण्याचे उपकरण माक्सिमिलियान नित्झे याने १८७७ साली जर्मनीत दाखविले. आजची साधने त्याचीच वंशज. ‘दुर्बीण घातली’ म्हणजे नुसते पाहिले, अशी समजूत आढळते. पण गाठ दिसल्यानंतर भूल देऊन जी शस्त्रक्रिया होते तीत पाहणे, गाठ खरवडून काढणे आणि तिचे तुकडे परीक्षेसाठी पाठविणे ही तिन्ही कामे होतात. उपचार आणि निदान एकाच वेळी. यामुळेच त्या तुकड्यांच्या अहवालात एक ओळ शोधून वाचावी लागते : नमुन्यात स्नायू आला आहे काय, आणि आला असल्यास तो निर्दोष आहे काय. ‘स्नायूत रोग आढळला नाही’ आणि ‘नमुन्यात स्नायू आढळला नाही’ ही दोन वाक्ये मराठीत सहा-सात अक्षरांनी वेगळी आहेत, अर्थाने मात्र परस्परांपासून फार दूर. पहिल्यात दिलासा आहे. दुसऱ्यात केवळ अज्ञान आहे, कारण जो थर तपासलाच नाही त्याविषयी काही म्हणता येत नाही. अशा वेळी, तसेच टी-१ असेल तेव्हा, साधारण दोन ते सहा आठवड्यांत तीच जागा पुन्हा खरवडतात. कुटुंबाला वाटते, पहिल्यांदा काम नीट झाले नाही. वस्तुतः दुसरी खरवड हा विधीचाच भाग असतो, आणि तीत उरलेला रोग सापडणे ही विरळ गोष्ट नाही.

खानापूर व आटपाडी तालुक्यांतली पुष्कळ कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. तेव्हा अहवाल मिरजेचा, पुण्याचा असेल तसा तमिळनाडूतल्या एखाद्या शहराचाही असू शकतो. भाषा मात्र सगळीकडे इंग्रजीच, आणि ती वाचून दाखविण्याचे काम घरातल्या शिकत्या मुलाकडे येते. त्याला ‘निगेटिव्ह’ हा शब्द दिसला की तो गोंधळतो. शाळेत नकारात्मक म्हणजे वाईट असे तो शिकलेला असतो. १९६० साली महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर वैद्यकाच्या परिभाषेवरही परिश्रम झाले. परंतु ते शब्द कोशांत राहिले, अहवालाच्या कागदावर उतरले नाहीत.

‘हे मला का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तंबाखूच्या धुरात सापडते. धूर जातो छातीत. मग रोग लघवीच्या पिशवीत कसा, ही शंका रास्त आहे. धुरातील ॲरोमॅटिक अमाइन वर्गाची द्रव्ये फुप्फुसांतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडांत आणि तेथून लघवीत उतरतात. लघवी तासन् तास साठून राहते ती याच पिशवीत, आणि तोवर अस्तर त्या द्रव्यांत भिजत असते. याच कुळातील रसायनांचा पहिला सुगावा १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यवैद्याला रंगाच्या कारखान्यातील कामगारांत लागला होता. विडी ‘साधी’ म्हणून निर्दोष ठरत नाही. निपाणीची असो वा अन्य कोठली, धूर तो धूरच. इजिप्तमध्ये या रोगाचे एक वेगळेच कारण, पाण्यातून शरीरात शिरणारा एक कृमी, पूर्वी फार प्रबळ होते. त्या कृमीचे एक छोटेसे ठाणे १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी नोंदविले. भारतात ते अपवादात्मकच ठरले.

उपचारांपैकी ज्याच्या नावाने सर्वाधिक गैरसमज होतो तो बीसीजीचा. क्षयाविरुद्धची ही लस काल्मेत व गेरँ या फ्रेंच संशोधकांनी तयार केली व १९२१ मध्ये ती प्रथम माणसाला दिली गेली. १९७६ साली कॅनडातील आल्वारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मूत्राशयात सोडून कर्करोगाचा उद्भव रोखता येतो असे दाखविले. त्यासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. उग्र स्वरूपाच्या आरंभीच्या रोगात ती आठवड्यातून एकदा याप्रमाणे सहा आठवडे, व नंतर ठरावीक अंतराने, नळीवाटे मूत्राशयात सोडतात आणि सुमारे दोन तास तेथे राहू देतात. जिवंत पण दुर्बल केलेल्या जंतूंनी चाळवलेली शरीराची प्रतिकारशक्ती अस्तरातील रोगट पेशींवर तुटून पडते. गावात मात्र बातमी जाते ती ‘टीबीची लस सुरू आहे’ अशी, आणि एका धास्तीच्या जागी दोन होतात. शेजारी भांडे वेगळे ठेवू लागतात. वास्तविक रुग्णाला क्षय झालेला नसतो. डोस घेतल्यानंतरचे सहा तास लघवी करताना बसून करणे व शौचकूपात ब्लीचिंगचे पाणी ओतणे, एवढी काळजी पुरते. अंगात ताप चढून उतरेना तर मात्र तो ‘लसीचाच ताप’ म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना लगेच कळवावे लागते.

सरतेशेवटी ‘बरा झाला’ या शब्दांचा विचार उरतो. मराठीत ‘ताप उलटला’ असा एक सुंदर प्रयोग आहे. गेलेला आजार परत येणे. हा रोग उलटणारा आहे. युरोपातील मोठ्या चाचण्यांवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे, पाच वर्षांत तो उलटण्याची शक्यता रोगाच्या प्रकारानुसार शंभरांत ३१ पासून ७८ पर्यंत असते. परंतु उलटणे आणि पुढे सरकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पुढे सरकणे म्हणजे स्नायूत शिरणे. आणि त्याची शक्यता सौम्य, लहान, एकट्या टी-ए गाठीत शंभरांत एकाहूनही कमी, तर सर्वांत उग्र गटात ४५ पर्यंत जाते. या अखेरच्या गटात रोग ‘आरंभीचा’ असतानाही मूत्राशय काढण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो, आणि ‘सुरुवातीचाच आहे म्हणता, मग पिशवी कशाला काढता?’ असे मुलगा डॉक्टरसाहेबांना विचारतो तेव्हा त्याच्या प्रश्नात काही चूक नसते. ‘सुरुवातीचा’ हा शब्द त्याला फक्त खोली सांगून गेलेला असतो, स्वभाव सांगून गेलेला नसतो.

उलटलेली गाठ लहान असतानाच दिसावी म्हणून पहिली फेरतपासणी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी दुर्बिणीने करतात. ती निर्दोष निघाली व रोग सौम्य गटातला असला तर पुढची वर्ष पुरे होताना, आणि मग पाच वर्षांपर्यंत दर वर्षी. उग्र गटात दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा. आटपाडीहून मिरजेला किंवा सांगलीला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, सोबत एक माणूस लागतो, आणि तारीख बहारात किंवा सुगीत आली तर ती चुकते. लघवी स्वच्छ होत असताना, काहीही दुखत नसताना ही खेप करावयाची असते. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर पुढील तपासणीची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ‘त्रास नसला तरी यावे’ या चार शब्दांसह लिहिलेली असावी.